दोघांतली एक

पुढच्या पांढऱ्या गाडीचे लाल दिवे एकदम लागले आणि मृणालिनीनं ब्रेक असा दाबला की मागच्या सीटवर बसलेल्या नीलांबरीच्या खांद्यात पट्टा रुतला. "ओ गॉड, ओ गॉड," मृणालिनी म्हणाली. गाडी थांबली ती पुढच्या गाडीला जवळजवळ टेकूनच. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, बाजूच्या लेनमधल्या बाईनं काच खाली करून हात हवेत उडवले. आणि पुढच्या सीटवर बसलेले यतीनराव, ज्यांना मार्चमधल्या त्या स्ट्रोकपासून पाणी मागता येत नव्हतं की स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, ते वर्गात बोलावं तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "माणूस धावतो तो पोचण्यासाठी नव्हे, दुसरा आधी पोचू नये म्हणून." मृणालिनीला हसू फुटलं. स्टिअरिंगवर कपाळ टेकून ती हसत राहिली आणि मग ते हसू नुसतंच हसू राहिलं नाही. मागे नीलांबरीच्या तोंडून काहीच आलं नाही. तिचं मौन होतं, त्यामुळे आवाज न निघणं ठीकच. पण आतसुद्धा काही उमटलं नाही. ना देवाचं नाव, ना अगंबाई. आयुष्यभर भांडं हातातून निसटलं तरी आधी 'गजानना' म्हणणारी ती. आज जीव जाता जाता राहिला आणि आत सगळं जिथल्या तिथे. फ्रिजची घरघर बंद पडली की ती होती हे कळतं, तसं तिला ते कळलं. बोटात अडकवलेल्या जपाच्या काउंटरवर अंगठा तेवढा आपोआप दाबला गेला होता. नाव न घेताच आकडा पुढे गेला.

"आई, यू ओके?" मृणालिनीनं आरशातून विचारलं. नीलांबरीनं मान हलवली. "आज तरी बोल ना गं. आज बाबांच्या थेरपीचा रिव्ह्यू आहे. प्रीता सगळं तुलाच विचारणार. तुझा देव एक दिवस कन्सेशन देणार नाही का?" नीलांबरीनं आरशात बघून थोडंसं हसल्यासारखं केलं. ओठ हलले ते तिला जाणवले, पण दाताच्या डॉक्टरनं भूल दिल्यावर ओठ जसा आपला असून आपला नसतो तसे. दुपारचा नैवेद्य दाखवीपर्यंत बोलायचं नाही, असा तिचा चातुर्मासाचा नेम होता. अमेरिकेतल्या या फ्रीमाँटच्या मराठी मंडळातल्या बायकांना त्याचं भारी कौतुक. इतकं संकट आलंय, आणि बाईनं देवाला धरून ठेवलंय, असं त्या म्हणत. मृणालिनीला मात्र आज कौतुक करायला सवड नव्हती. रिव्ह्यूत सुधारणा दिसली तर इन्शुरन्सवाले थेरपी चालू ठेवणार होते, आणि मग बाबा घरीच. नाही दिसली तर थेरपी बंद, आणि टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या केअर होममध्ये एक खोली रिकामी झाली होती, तिचं उत्तर आजच द्यायचं होतं. मृणालिनीनं हे आईला स्वयंपाकघरात उभं राहून समजावून सांगितलं होतं, मीटिंगमध्ये सांगावं तसं, दोन्ही हात ओट्यावर टेकून. "मी वाईट मुलगी नाहीये गं," असं ती शेवटी म्हणाली होती. तेही मौनाच्या वेळेतच, त्यामुळे 'नाहीस' म्हणायचं राहून गेलं.

सुधारणा म्हणजे काय, तर यतीनरावांनी एक वाक्य स्वतःचं बोलायला हवं होतं. बोलत ते होतेच. एखाद्या परक्या माणसाला वाटावं, इतकं मुद्देसूद बोलणारा माणूस आजारी कसा? पण त्यातलं एकही वाक्य त्यांचं नव्हतं. ती सगळी त्या व्हिएन्नावाल्याची होती. यतीनरावांनी पुण्याच्या कॉलेजात जन्मभर जर्मन शिकवलं, आणि त्या जन्मभरात त्यांना वेड लागलं ते एका ऑस्ट्रियन नाटककाराचं. नाटकं त्याची आता त्याच्या देशातसुद्धा कुणी करत नाही, कविताही कुणी वाचत नाही, असं तेच सांगत. पण त्या नाटकांतल्या पात्रांच्या तोंडी त्यानं माणसाच्या स्वभावावर एकेक दोन दोन ओळींचे चिमटे पेरून ठेवले होते, आणि ते वेचून मराठीत आणणं हा यतीनरावांचा उद्योग. पुस्तक काढा म्हटलं तर म्हणायचे, "नको. लोक वाचतील, सुधारतील, आणि वाक्यं खोटी पडतील." सकाळी नीलांबरी देवाची उपकरणी घासत असायची आणि हे दाढीच्या साबणासकट दारात येऊन उभे. "ऐक गं. कानाला कसं लागतंय सांग." ती ऐकायची. व्हिएन्नावाल्याचं एक वाक्य होतं की लोक चर्चमध्ये शिरताना टोपी काढतात आणि तिच्याखालचं डोकं तसंच ठेवतात. "आपल्याकडे टोपी काढत नाहीत, घालतात," ती पितळी निरांजनाला चिंच लावत म्हणाली होती. त्यावर हे दोन दिवस गप्प गप्प, जेवतानासुद्धा कुठेतरी बघत. आणि तिसऱ्या दिवशी आले ते नाचतच. "लोक देवळाबाहेर चपला काढतात, आणि लक्ष त्यांच्यापाशी ठेवून आत जातात." तिला हसू आलं होतं. देवाची थट्टा म्हणून रागही आला होता, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे हातातलं निरांजन निसटून मोरीत गडगडत गेलं होतं. यांना देव नव्हता. तिचे सोमवार, चतुर्थ्या, गुरुवारचे उपास यांना व्हिएन्नावाल्याच्या पात्रांसारखे वाटत असणार. पण उपास असला की साबुदाणा आदल्या रात्री भिजवायची आठवण हेच करत.

स्ट्रोकनंतर प्रीतानंच पहिल्या भेटीत समजावलं होतं. प्रीता म्हणजे सांता क्लाराच्या क्लिनिकमधली स्पीच थेरपिस्ट. जन्म इथलाच, आईवडील नाशिककडचे, मराठी घरातलं, तोडकंमोडकं, पण गोड. "काकू, ब्रेनमध्ये नवीन बोलायची जागा वेगळी असते आणि पाठ केलेली जागा वेगळी असतो," ती म्हणाली. लिंगाचा तिचा कायम गोंधळ. "माझी आई म्हणते, मी सगळ्यांना पुरुष करते, मग घाबरून सगळ्यांना बाई करते." नवं बोलणं जातं तरी पाठांतर राहतं, असं तिचं सांगणं. तिच्याकडे एक आजी होत्या, त्यांना मुलीचं नाव आठवत नव्हतं पण रामरक्षा सबंध म्हणायच्या. एक गुजराती आजोबा पाढे म्हणत. त्या पाठांतराचा धागा धरून हळूहळू पुढे जाता येतं. "काकांना काय पाठ आहे? स्तोत्र? आरती?" नीलांबरीनं तेव्हा कपाळाला हात लावला होता. शुभंकरोतीसुद्धा ज्यांनी लहानपणी दांडी मारून टाळलं, त्यांच्या मेंदूतल्या त्या राखीव जागेत कुणी देव बसलेला नव्हता. तिथे तो व्हिएन्नावाला पाय पसरून बसला होता. मंडळातल्या सुहासिनीकाकू भेटायला आल्या, म्हणाल्या, "ओळखलंत का मला?" तर हे म्हणाले, "नम्र माणसाला स्तुती आवडत नाही, आणि हे चारचौघांत सांगायला त्याला फार आवडतं." सुहासिनीकाकूंनी हात जोडले. "किती खोल बोलतात हो! आजारपणानं माणूस बघा कसा अंतर्मुख होतो." दुसऱ्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी निघताना ऐकलेलं चपलांचं वाक्य, खाली कमळाचं चित्र, वर 'सुप्रभात', आणि शेवटी कुणीतरी आपल्या मनानं जोडलेलं 'सद्गुरुवचन'. एरवी या गोष्टीवर हे दोघं आठवडाभर हसले असते. नीलांबरीनं फोन उलटा ठेवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

हसू कधी थांबलं, ते तिला नेमकं ठाऊक होतं. हॉस्पिटलमधल्या पहिल्या दिवसांतली गोष्ट. ती यांच्या उशाशी बसली होती, हात हातात. हे बराच वेळ छताकडे बघत होते, मग मान वळवून तिच्याकडे बघून म्हणाले, "तू भेटली नसतीस तर मी शहाणा झालो असतो. आणि एकटा." तिला माहीत होतं की हे वाक्य नाटकातलं आहे, नवरा बायकोला म्हणतो ते. तरी तिच्या अंगावर शहारा आला. शंभर वाक्यांतून यांनी हेच काढलं, आत्ता, मला बघून. ती रडली, मृणालिनीला सांगितलं, पुण्याला बहिणीला फोन करून सांगितलं. संध्याकाळी रक्तदाब घ्यायला एक आडदांड, दाढीवाला नर्स आला, त्यानं दंडाला पट्टा गुंडाळला, आणि यतीनराव त्याच्याकडे तितक्याच ओलाव्यानं बघून म्हणाले, "तू भेटली नसतीस तर मी शहाणा झालो असतो. आणि एकटा." मग खोली झाडणाऱ्या बाईला. मग भिंतीवरच्या टीव्हीला. त्या आठवड्यात ते वाक्य इतक्या जणांना वाटलं गेलं, की देवळात साखर वाटतात तसं तिच्याही वाट्याला चिमूटभर आलं होतं, इतकंच. घरी आल्यावर सुरुवातीला ती उत्तरं देत असे. चहा हवा का, असं विचारल्यावर "डॉक्टर आजाराशी बोलतात, रोगी मधे मधे येतो" असं आलं, की म्हणे, "बरं, साखर कमी घालते." मग एकदा मायक्रोवेव्ह वाजला आणि हे त्याच्याशी तसंच बोलले, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण आणि मायक्रोवेव्ह, दोघांचीही जागा एकच आहे. त्यानंतर बोलणं आटत गेलं. तिनं काही ठरवलं नव्हतं. सकाळी तोंड उघडावं तर उघडायचं कारण सापडेना. जून संपला, जुलैत आषाढी आली, पंचांगाप्रमाणे तिनं देवापुढे पाणी सोडलं आणि म्हणाली, दुपारपर्यंत मौन. बोलणं त्याआधीच थांबलं होतं. त्याला नेमाचं नाव नंतर मिळालं. हे देवाला नक्की कळलं असणार. तो काही बोलला नाही. त्याचंही मौनच.

खरं म्हणजे तिला दुःख होत नव्हतं. लोक जवळ येऊन खांद्यावर हात ठेवत, तेव्हा तिला त्यांची फसवणूक होते आहे असं वाटे. ती यांना न्हाऊ घालायची, नखं कापायची, भात कालवून द्यायची, औषधं वेळेवर. सगळं जसंच्या तसं, पण जणू दुसऱ्या कुणाचे हात लांबून हलवत असल्यासारखं. एकदा तव्याला बोट लागलं आणि चटका बसल्याचं फोड आल्यावर कळलं. नात आन्या जवळ येऊन म्हणाली, "आजी, आर यू सॅड?" तेव्हा तिनं खरोखर आत जाऊन पाहिलं, कपाट उघडून पाहावं तसं, आत काही नव्हतं. आणि मागच्या रविवारी मृणालिनी केअर होम दाखवायला घेऊन गेली, तेव्हा तिथली ती स्वच्छ खोली, खिडकीबाहेरची पिवळी पडलेली टेकडी, पलंगाशेजारची एकच खुर्ची बघून तिच्या मनात पहिल्यांदा काहीतरी हललं, आणि ते काय हे तिला घरी आल्यावर उमगलं. ती विश्रांती होती. या खोलीत हे बोलतील, आणि आपण आपल्या घरी असू. कुणाच्याच शब्दांकडे कान द्यावा लागणार नाही. निरांजन लावावं, शांत बसावं. हे पाप आहे का, याचा तिनं जपाच्या मधोमध विचार केला, आणि त्याचंही काही वाटलं नाही.

क्लिनिकमध्ये प्रीता दारातच भेटली. "हाय काका! हाय काकू! आज फ्रीवे खूप वाईट होती ना? या, या. माझी पेन कुठे गेला… हं, इथेच." खोली लहान, टेबल गोल, भिंतीवर तोंडाच्या आतल्या भागाचं चित्र. यतीनरावांना समोर बसवलं, नीलांबरी त्यांच्या उजव्या हाताला, मृणालिनी भिंतीशी, मांडीवर लॅपटॉप. कामाची पद्धत ठरून गेलेली होती. प्रीता चित्रं दाखवी, यतीनराव बोलत, आणि प्रत्येक वाक्यानंतर प्रीता नीलांबरीकडे बघे. नीलांबरीनं मान खाली केली की ते व्हिएन्नावाल्याचं. मौन असल्यामुळे ही सोय दोघींनाही बरी पडली होती. किती आठवडे झाले, तिची मान खालीच जात होती. आज प्रीतानं किल्लीचं चित्र पुढे केलं. यतीनराव किल्लीकडे आदरानं बघत म्हणाले, "सल्ला मागणाऱ्याला सल्ला नको असतो, साक्षीदार हवा असतो." मान खाली. कप. कुत्रा. छत्री. मान खाली, खाली, खाली. प्रीताच्या कीबोर्डचा आवाज प्रत्येक वेळी थोडा हळू होत गेला. मृणालिनीनं लॅपटॉप मिटला होता आणि ती अंगठ्याचं नख दुसऱ्या नखानं खरवडत होती, लहानपणी गणिताच्या पेपरआधी करायची तसं.

"लास्ट वन," प्रीता म्हणाली, आणि तिनं आयपॅडवर एक फोटो उघडला. मृणालिनीनंच पाठवलेला असावा. मंडळाच्या संक्रांतीचा, मागच्या वर्षीचा. हलव्याचे दागिने घातलेल्या कुणाच्या तरी बाळाच्या मागे हे दोघं उभे, यतीनराव काहीतरी बोलताहेत आणि नीलांबरी त्यांच्याकडे वळून त्यांना गप्प करते आहे. तोंड उघडं, भुवया वर. "काका, हे कोण आहे?" प्रीतानं फोटोतल्या नीलांबरीवर बोट ठेवलं. "ह्यांचा नाव सांगा." यतीनराव फोटोकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली आणि शेजारी बसलेल्या नीलांबरीकडे बघितलं. पुन्हा फोटो. पुन्हा ती. दोन दुकानांतले भाव ताडून बघावेत, तसं ते बघत होते. त्यांचा खालचा जबडा हलत होता. मग ते म्हणाले, नेहमीच्या खणखणीत आवाजात नव्हे, जरा अडखळत, "भांडण संपतं… म्हणजे… दोघांतली एक मुकी झालेली असते."

"हे मलापण माहितीये," मृणालिनी थकून म्हणाली. "भांडण संपतं म्हणजे, समथिंग समथिंग. मी टीनएजर होते तेव्हा बाबा रोज म्हणायचे. इट्स फ्रॉम दोज प्लेज, प्रीता." प्रीतानं नीलांबरीकडे बघितलं. आणि नीलांबरीची मान सवयीनं खाली गेली. अर्धीच गेली, पण गेली. "ओके," प्रीता म्हणाली, आणि थोडा वेळ टाइप न करता बोटं नुसतीच कीबोर्डवर ठेवून बसली. "आय अ‍ॅम सो सॉरी, मृणालिनीताई. मला खरंच वाटला होता की आज काहीतरी येईल. मी लिहिते, ऑटोमॅटिक स्पीच ओन्ली. अजून काही लिहू शकत नाही मी." मृणालिनी म्हणाली, "नो, नो, तू खूप केलंस." आणि मग पर्समध्ये फोन शोधायला लागली, कारण केअर होमला उत्तर द्यायचं होतं.

नीलांबरीची मान अजून अर्ध्यावरच होती. तिच्या कानात काहीतरी अडकलं होतं, माशाचा काटा घशात राहावा तसं. मासे ती खात नसे, पण लहानपणी शेजारच्या मुलीच्या घशात अडकलेला पाहिला होता. दोघांतली. मुकी. झालेली. असते. वाक्य तसं नव्हतंच. वाक्य होतं, 'भांडण संपतं म्हणजे दोघांतला एक बहिरा झालेला असतो.' तिनंच ऐकून पास केलेलं वाक्य. पास करताना वाद घातलेला. "दोघांतला एक म्हणजे दर वेळी नवराच का बहिरा? बायका नाहीत होत?" असं तिनं विचारलं होतं, आणि हे म्हणाले होते, "मूळ भाषेत पुल्लिंग आहे. व्याकरणात पुल्लिंग दोघांनाही पुरतं." "तुमच्या व्याकरणात पुरत असेल," असं ती म्हणाली होती, आणि त्यावरून संध्याकाळपर्यंत जुंपली होती. त्यांनी काही ते बदललं नाही. जन्मभर 'असतो'च म्हणत राहिले. 'बहिरा'च्या जागी 'मुकी' हा आजारानं घातलेला घोळ असू शकतो. प्रीतानं सांगितलं होतं, शब्दाला शब्द सटकतो, चमच्याला चावी म्हणतात. पण शब्द सटकला तर एकच सटकेल. बाकीचं वाक्य आपल्या रुळावरून तसंच जाईल. त्या दाढीवाल्या नर्सला हे 'तू भेटली नसतीस' म्हणाले, झाडणारीला म्हणाले, टीव्हीला म्हणाले. समोर कोण आहे बघून वाक्यानं कधी कूस बदलली नाही. आणि आत्ता ला-चं ली झालं होतं, झालेला-चं झालेली, असतो-चं असते. अडखळत अडखळत, एकेक प्रत्यय उचलून या माणसानं जागेवर बसवला होता. कुणासाठी? मुकी कोण होती या खोलीत?

ती हे सांगू शकत होती. सांगायला तोंड उघडावं लागणार होतं, आणि नैवेद्याला अजून अवकाश होता. घरी जाऊन, दिवा लावून, मग मृणालिनीला सांगता येईल, असं तिच्या मनानं लगेच सुचवलं, फार मऊ आवाजात. तोवर खोली यांच्या नावावर चढलेली असेल. आणि सांगायचं म्हणजे नुसतं व्याकरण सांगून भागणार नव्हतं. यांनी मला मुकी म्हटलं, असं मुलीसमोर, या पोरीसमोर म्हणावं लागणार होतं. मंडळातल्या बायका जिला तपश्चर्या म्हणतात, तिला यांनी आजारी डोक्यानं, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा स्वतःचं वाक्य जुळवून, मुकेपणा म्हटलं. बायको गप्प झाली आणि म्हणून भांडण संपलं, असं म्हटलं. ती टेकडीखालची खोली तिला दिसली, तिच्यातली ती एकच खुर्ची. मान पुरती खाली करायला फक्त अर्धी वीत उरली होती. कुणी तिला काही म्हटलं नसतं. देवानंसुद्धा नाही, नेम पाळला असता तिनं. नेम मोडला तर उद्या पुन्हा धरता येतो, त्याला प्रायश्चित्त असतं, एक उपास, एक दान. या गप्प राहण्याला काय असतं, हे कुठल्या पोथीत दिलेलं तिला आठवेना.

"असते म्हणाले ते."

आवाज घोगरा आणि लहान निघाला. मृणालिनीनं फोनवरून मान वर केली. "आई?"

"असते. असतो नाही. लिहू नकोस गं प्रीता, थांब जरा." नीलांबरी खाकरली. "मूळ वाक्यात दोघांतला एक बहिरा होतो. हे म्हणाले दोघांतली एक मुकी."

"पण काकू, वन वर्ड चेंज तर होतो. आपण बोललो होतो ना? स्लिप."

"एक नाही. सगळं वाक्य बाईचं केलं यांनी. पार शेवटपर्यंत. पाठ केलेलं असं वाकत नाही गं. पुरुष नर्सशीसुद्धा हे बाईशी बोलावं तसं बोलत होते, वाक्य बाईचं होतं म्हणून. हे… हे मला बघून केलंय."

प्रीता तिच्याकडे बघत होती. जिला स्वतःला पेन बाई की पुरुष हे धड ठाऊक नव्हतं, तिच्या चेहऱ्यावर ते हळूहळू पोचत गेलं. मृणालिनी उभी राहिली होती. "पण मुकी म्हणजे कोण? तू?" असं ती म्हणाली आणि म्हटल्यावर तिनं ओठ मिटून घेतले.

"काकू," प्रीता खुर्ची पुढे ओढत म्हणाली, "मला तुमचा विश्वास आहे. पण रिव्ह्यूमध्ये बदललेला वाक्य पुरणार नाही, नवीन पाहिजे. तुम्ही विचारा त्यांना. मी नाही, तुम्ही. घरी विचारता तसंच."

घरी विचारता तसंच. नीलांबरीला आठवेना की घरी कसं विचारतात. तिनं यतीनरावांकडे वळून बघितलं, नख कापताना बघतात तसं नव्हे. त्यांच्या हनुवटीवर एक दाढीचा केस आज सकाळी तिच्याकडून सुटला होता. डोळे पाणावलेले, पण ते औषधानं पाणावतात. त्यांच्यात कुणी आहे की नाही हे डोळ्यांवरून कळत नव्हतं. मायक्रोवेव्हशी बोलायची तयारी करावी तसं तिनं मन घट्ट केलं.

"मुकी कोणाला म्हणता हो?" ती म्हणाली.

त्यांचा जबडा हलला. व्हिएन्नावाला आत उठून उभा राहिला असावा. 'माणूस' असा एक शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथेच विरला. त्यांनी तो गिळला. कपाळावर घाम आला होता. प्रीतानं मदतीला हात पुढे केला आणि मागे घेतला. नीलांबरीनं मदत केली नाही. ती थांबली. कुणाच्या तरी उत्तरासाठी थांबणं म्हणजे काय असतं, हे ती विसरली होती.

"अहो, विचारतेय मी. मुकी कोणाला म्हणालात?"

"तु," ते म्हणाले. "तु… तुला."

प्रीताला तेवढं मराठी येत होतं. तिनं तोंडावर हात ठेवला. मृणालिनी भिंतीला टेकली आणि फोन तिच्या हातातून पर्समध्ये पडला. सगळं क्लिनिक आपल्याकडे बघतंय असं नीलांबरीला वाटलं, आणि तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या, खऱ्याखुऱ्या गरम, तव्यावर ठेवल्यासारख्या. तिला वाटलं आता रडू येईल. रडू आलं नाही. राग आला. आधी छातीत, मग गळ्यात, मग हातांत, असा चढत आला तो, आणि तिनं तो येऊ दिला. ती खुर्चीवरून उठली.

"मला? मला मुकी म्हणता? अहो, त्या नर्सला, त्या टीव्हीला, त्या मेल्या मायक्रोवेव्हला तुम्ही लाडीगोडी लावत होतात, तेव्हा मी काय बोलायचं होतं? सांगा ना. आता सांगा."

यतीनरावांनी तोंड उघडलं. शब्द काही लगेच सापडला नाही. पण ते शोधत होते, हे दिसत होतं, आणि कंबरेवर हात ठेवून ती वाट बघत उभी राहिली.